लोंजातून केलेला फोन

रेमेईने जन्मभर रेशीम शिवलं, पण जुन्या काळी रेशमाचे सौदे जिथे व्हायचे त्या लोंजात तिने सत्तरी उलटेपर्यंत पाऊल टाकलं नव्हतं. यात नवल काही नाही. आमच्या गावावरून शहरात जायला आगगाडीने पाव तास लागतो, आणि जवळचं ते बघायचं राहून जातं. लोंजासमोरच्या मंडईत ती शेकडो वेळा गेली असेल. बाम मासे घेतले, केशर घेतलं, दोऱ्यांची रिळं घेतली आणि लोंजाकडे पाठ करून घरी आली. जगभरची माणसं तो दगडी महाल बघायला विमानाने येतात आणि आम्ही त्याच्या सावलीत पिशव्या टेकवून दम खातो.

मार्चच्या उत्सवात आमच्या मुली जे भरजरी पोशाख घालतात, ते शिवण्यात रेमेईचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. बाई बुटकी, जाड भिंगांची, आणि कानाची भलतीच तिखट. कापड बोटांत चुरगाळून कानाशी धरायची आणि म्हणायची, "यात नायलॉन आहे, घेऊन जा परत." हा कान दुकानदारांना जेवढा नडला, त्याहून जास्त तिच्या नवऱ्याला नडला.

नवऱ्याचं नाव नेलो. संत्र्यांच्या वखारीत तीस-पस्तीस वर्षं पेट्या उचलल्या, निवृत्त झाला आणि जो खुर्चीत बसला तो बसलाच. स्वभावाने लोणी. कुणाला दुखवलं नाही, कुणाशी भांडला नाही. एकच खोड, कुठल्याही कामाला नाही म्हणायचा नाही आणि कुठलंही काम करायचा नाही. "हो, आत्ता उठतो" हे त्याचं ठरलेलं उत्तर. थोड्या वेळाने विचारलं, तर "केलं की". आणि खोटं बोलताना त्याला तपशील सुचत. खरं असेल तर एका शब्दात सांगायचा. "नळ दुरुस्त केला, आतलं रबर बदललं, जुनं फेकून दिलं, बादली पुसून ठेवली" असं तो बोलला, की रेमेई न बघता सांगायची, नळ गळतोय. मग दोघंही हसायची. तिने त्याला पकडायचं आणि त्याने पकडलं जायचं, यात त्यांचा संसार झाला, आणि मी म्हणेन बरा झाला.

फक्त एका वर्षी हसण्यावारी गेलं नाही. आमच्याकडे ऑक्टोबरात पाऊस असा कोसळतो की वर्षाचा एका दुपारी. म्हणून पावसाचा इशारा आला, की गावातला जो तो आपली गाडी इमारतीखालच्या तळघरातून काढतो आणि पुलाच्या चढावर नेऊन लावतो. हा आमचा रिवाजच आहे. बायका बाल्कनीतून ओरडतात, पुरुष किल्ल्या वाजवत निघतात, चढावर गप्पांचा अड्डा जमतो. त्या वर्षी सगळ्यांच्या गाड्या वर गेल्या, नेलोची राहिली. तळघरात गुडघाभर पाणी साचलं आणि गाडीचं इंजिन गेलं. त्यानंतर वर्षभर बेकरीपासून चर्चपर्यंत लोकांनी त्याला विचारलं, "काय नेलो, गाडी पोहायला शिकली का?" नेलो हसायचा. रेमेईला मात्र ते झोंबायचं.

पुढच्या ऑक्टोबरात एका मंगळवारी आमच्या महिला मंडळाने लोंजाची सहल काढली. मंडळ म्हणजे सात-आठ म्हाताऱ्या, आणि त्यांची पुढारी फिनेता, औषधवाल्याची विधवा, जिच्या तोंडाला कुलूप नाही. रेमेईने नेलोलाही चल म्हटलं.

"माझा गुडघा धरलाय," नेलो म्हणाला.

"काल संत्र्याच्या झाडावर चढलास तेव्हा गुडघा कुणाकडे ठेवला होतास?"

"तेव्हापासूनच तर धरलाय. तू जा ना. येताना भाजलेला भोपळा आण."

सकाळपासून रेडिओ डोंगराकडच्या पावसाचा लाल इशारा देत होता. आमच्याकडे ऊन होतं. नुसता वारा सुटला होता, तोही भलत्याच दिशेचा, कोरडा आणि गरम. दोरीवरचे कपडे आडवे होत होते आणि खुर्च्या चौकभर घरंगळत होत्या. रेमेई दारात घुटमळली.

"फिनेता, पुढच्या आठवड्यात गेलो तर?"

"अगं पाऊस डोंगरात पडतोय. आपण काय बकऱ्या चारायला चाललोय तिकडे? चल मुकाट्याने."

आगगाडी गावाबाहेर ओढा ओलांडते. ओढा म्हणायचं आपलं. बारा महिने कोरडा, तळाला बोरूचं रान, त्यात कुणीतरी टाकलेलं कपडे धुण्याचं यंत्र. मुलं तिथे चेंडू खेळतात. रेमेईने खिडकीतून खाली पाहिलं तेव्हा बोरूच्या बुडाशी तपकिरी पाण्याची एक रेघ सरकत होती. गावात थेंब नाही आणि ओढ्याचा तळ ओला. तिने फिनेताला कोपराने ढोसलं.

"बघ ना, पाणी आलंय."

"कुणीतरी शेताचं सोडलं असेल," फिनेता म्हणाली आणि पिशवीतून शेंगदाणे काढले.

शहरातही ऊन होतं. लोंजाच्या बाहेर, वरच्या दगडी पन्हाळ्यांवर कोरलेली वाह्यात माणसं बघून बायकांनी पुष्कळ हसून घेतलं. एक तर चक्क कुल्ले दाखवत होता. "हा माझ्या दिरासारखा दिसतो," फिनेता म्हणाली. मग त्या आत गेल्या आणि आवाज आपोआप खाली आले.

आत ऊन संपलं होतं. दगडाचे खांब पिळे देत वर गेले होते, दोर वळतात तसे, आणि वर अंधारात फांद्या फुटून छत झाले होते. वाऱ्याने उंच खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि तो आवाज महालभर फिरत होता. रेमेई एका खांबापाशी उभी राहिली आणि तिने तळहात दगडावर ठेवला. रेशमाची लड हातात असावी तसा तो पीळ होता. तिला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण तिचा कान पुन्हा पुन्हा त्या थरथरणाऱ्या काचांकडे जात होता.

तिथला पहारेकरी बोलका होता. त्याने भिंतीभोवती वर फिरणारी सोन्याची अक्षरं दाखवली. "लॅटिन आहे, आजी. व्यापाऱ्यांना ताकीद. ज्याच्या बोलण्यात कपट नाही, जो शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही, त्याला संपत्ती मिळेल आणि शेवटी अमर आयुष्यही."

"म्हणजे आमचा मासेवाला गेलाच नरकात," फिनेता म्हणाली.

"आणि शब्द मोडला तर?" रेमेईने विचारलं.

"इथल्या बुरुजात वर कोठडी आहे. तिथे टाकायचे."

"नेलोला आणायला हवं होतं," रेमेई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. आमच्या गावात नेलोच्या थापा सगळ्यांनाच ठाऊक.

संत्र्याच्या झाडांच्या चौकात आल्या तोच तिचा फोन वाजला. मामेबहीण आदेलिना, वर डोंगराकडच्या द्राक्षांच्या गावात राहते. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"रेमेई, तू कुठे आहेस? घरी आहेस?"

"शहरात आलेय. काय झालं ग?"

"नदी रस्त्यात आलीय. मी वरच्या मजल्यावरून बोलतेय. समोरच्या पेद्रेताचं दार गेलं, अख्खं दार. हे सगळं खाली येणार आहे ग, तुमच्याकडेच येणार, दुसरं जाणार कुठे?" आणि फोन तुटला.

रेमेई चौकातल्या बाकावर बसली. वर निळं आभाळ होतं, संत्र्याची पानं वाऱ्याने उलटीपालटी होत होती. फिनेता म्हणाली, "आदेलिना लहानपणापासून घाबरट. इथं तर ऊन पडलंय." हेच ते आमचं. आम्ही पाणी ओळखतो ते आभाळाकडे बघून. डोक्यावर ढग नसेल, तर जगात पूर नाही. रेमेईचं तसं नव्हतं. ती लहान असताना या शहरात नदी शिरली होती. तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेलं तिला आठवत होतं. त्यानंतर शहराने नवं पात्र खणून आपली नदी आमच्या बाजूला सरकवली, आणि शहर निर्धास्त झालं.

तिने घरी फोन लावला.

"नेलो, डोंगरात पूर आलाय. गाडी पुलावर नेऊन लाव आणि वोरोकडे वर जाऊन बस." वोरो म्हणजे त्यांचा शेजारी, पहिल्या मजल्यावर राहणारा.

"इथे लख्ख ऊन आहे ग."

"मी विचारलं नाही ऊन आहे का. उठ."

"हो, आत्ता उठतो."

मागे टीव्हीवर घोडे धावत होते. दुपारी तो जुने घोडेस्वारांचे सिनेमे लावून बसतो हे तिला माहीत होतं. त्या वेळी तळघर कोरडं ठणठणीत होतं. तेव्हाच उठला असता, तर गाडी चढावर पोहोचली असती, तोही पोहोचला असता, आणि मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

बायका वरच्या दालनात गेल्या. तिथलं लाकडी छत सोन्याने मढवलेलं आहे, त्यावर लढाया कोरल्या आहेत, राक्षस कोरले आहेत. रेमेईला त्यातलं काही दिसलं नाही. खिडकीतून पश्चिमेकडे आभाळ जांभळं होत चाललं होतं आणि त्यात मधूनच काहीतरी उजळून विझत होतं, आवाज न करता. तिला आधी काय आठवलं ते सांगतो, कारण तिनेच ते पुढे कबूल केलं. तिला बेकरीतली माणसं आठवली. "काय रेमेई, या वर्षीही पोहायला सोडली का?" एवढं एक वाक्य पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती.

खाली खांबांच्या महालात परत आल्यावर तिने दुसरा फोन लावला. फिनेता शेजारीच होती, म्हणून हे बोलणं आम्हाला शब्दन् शब्द ठाऊक आहे.

"काढलीस गाडी?"

"काढली की. पुलावर लावली, गावाकडे तोंड करून. आरसे मिटले. वारा आहे ना, म्हणून चाकाखाली दगडसुद्धा लावला."

रेमेईने फोन कानाशी घट्ट दाबला. आरसे, दगड, तोंड गावाकडे. आणि मागे तेच घोडे, बंदुकीचे बार, आणि नेलोने कूस बदलली तशी खुर्चीची करकर.

"नेलो, तू हललाही नाहीस."

"अगं खरंच..."

"मी कुठे उभी आहे माहीत आहे का? इथे भिंतीवर सोन्याने लिहिलंय, खोटं बोलू नका म्हणून. आणि खोटं बोलणाऱ्यांसाठी वर कोठडी आहे. तुझी जागा धरून ठेवलीय मी."

फिनेता फिदीफिदी हसली. नेलोही तिकडे हसला असावा. "बरं, जातो सिनेमा संपला की."

"नाही. आत्ता. नेउसची शपथ घे." नेउस त्यांची एकुलती एक मुलगी.

"पोरीची शपथ कशाला ग घालतेस?"

"तुझ्यावर विश्वास नाही म्हणून. घे."

मग नेलोचा उसासा. "घेतली. नेउसची शपथ, उठलो. हा बघ टीव्ही बंद केला."

घोड्यांचा आवाज थांबला. रेमेईने फोन बंद करून पिशवीत टाकला. तिला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. "पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा," ती फिनेताला म्हणाली.

बाहेर पडल्या तेव्हा दिवे लागायला आले होते. भोपळ्याची फोड घेतली, कागदात बांधली. स्टेशनात गेल्या, तर दाराशी गर्दी आणि आत अंधार. गाड्या बंद. का, ते कुणी सांगेना. एका माणसाने नुसता हात हलवला, "तुमच्या बाजूचं काहीच जात नाही." रेमेईने घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आता वाजेनासाही झाला. वोरोचा लागेना, बेकरीचा लागेना. मंडळातल्या सगळ्या जणी फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि कुणाच्याही कानात कुणी बोलत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात टीव्ही चालू होता. आमची गल्ली दिसली. आधी कुणाला ओळखूच आली नाही, कारण गल्लीत रस्ता नव्हता. बोरू, कचऱ्याचे डबे, गाड्या, सगळं एकमेकांवर चढत निघालं होतं, आणि वर आभाळ कोरडं होतं. निवेदक सांगत होता की तळघरांत उतरू नका.

फिनेताने सगळ्यांसाठी खुर्च्या ओढल्या.

रेमेई मात्र बसली नाही, बोलायला लागली. "तो गेला नसेल," ती म्हणाली. "मी ओळखते त्याला. टीव्ही बंद केला आणि फोन ठेवल्यावर परत लावला असेल. पाणी दिसल्यावर वोरोकडे वर गेला असेल. आळशी आहे तो. शपथेला काय भीक घालतो तो, लग्नात घेतलेली तरी कुठे पाळली?" ती हे एकेका बाईला सांगत फिरली, वेटरला सांगितलं, एका परक्या मुलीचा हात धरून तिलाही सांगितलं. ज्या खोडीसाठी तिने जन्मभर त्या माणसाला फैलावर घेतलं, तीच खोड शाबूत असू दे, एवढंच ती देवाकडे मागत होती. खोटारडा असू दे. आजच्या दिवस असू दे.

ती रात्र फिनेताच्या भाचीकडे गेली. सकाळी गाड्या नव्हत्याच. बायका पायी निघाल्या. सरकवलेल्या नदीवरचा पूल ओलांडला आणि चिखल सुरू झाला. गावात शिरल्यावर कुठलं घर कुणाचं ते दारावरून कळेना, दारंच नव्हती. लोक खराटे घेऊन उभे होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रेमेईच्या घराचं खालचं दालन मोकळं झालं होतं. नेलोची खुर्ची भिंतीशी उलटी पडली होती.

वोरो बाल्कनीत होता. तिला बघून तो आत गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा त्याच्या अंगावर कालचेच कपडे होते.

"तुझ्याकडे वर आलाय ना तो?" रेमेईने विचारलं.

वोरोने नकारार्थी मान हलवली. "मी बाल्कनीत सिगारेट ओढत होतो. तो खाली किल्ली वाजवत निघाला. मी म्हटलं, कुठे रे, थेंब नाही पावसाचा. तर म्हणाला, गाडी काढायला, ती येईपर्यंत पुलावर लावून दाखवतो. मी थट्टा केली, म्हटलं तू आणि गाडी काढणार? म्हणाला, या खेपेला खरंच."

"मग?"

"तो समोरच्या इमारतीच्या तळघरात, गाडीपाशी उतरला आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला. मी ओरडलो ग रेमेई. घसा फुटेपर्यंत ओरडलो. सिगारेट संपली नव्हती तोवर पाणी दारांच्या कड्यांपर्यंत आलं."

तळघर उपसायला बरेच दिवस लागले. रेमेई रोज सकाळी खुर्ची टाकून समोर बसायची. नेउस आली होती, ती आईला घरात ओढायची, पण रेमेई उठली नाही. शेवटी तो सापडला तो गाडीत. गाडी सुरू केलेली होती. तोंड बाहेरच्या चढाकडे होतं.

शपथ कुणाची होती हे गावात सगळ्यांना माहीत आहे. नेउसला माहीत नाही, आणि तिला कुणी सांगणार नाही. फिनेतासुद्धा नाही.

रेमेई आता वोरोच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. अजून शिवते. नेउस शहरातून रोज दुपारी फोन करते, आणि बापाची मुलगी शोभते.

"जेवलीस का ग?" रेमेई विचारते.

"जेवले ना आई. मसूर केले होते, वर गाजर घातलं, शेवटी एक संत्रं खाल्लं, भांडीही घासून ठेवली."

मागे रस्त्यावरची वाहनं वाजत असतात, कुणीतरी तिला घाई करत असतं. पोरगी उपाशी आहे आणि कुठेतरी धावतेय, हे रेमेईला स्वच्छ ऐकू येतं.

"बरं केलंस," ती म्हणते.